ट्रॅक नको, शाळेचे दोन तास द्या

कृष्णाकाठी सायकल ट्रॅक व्हावा की नको, हा वाद आमच्या सांगलीत दर हिवाळ्यात नव्यानं निघतो. पाऊस थांबला, रस्ते सुकले, पहाटे दव पडायला लागलं की शहरातली सायकलवाली मंडळी बोलू लागतात: नदीच्या कडेकडेनं, सांगलीपासून औदुंबरापर्यंत, एकही मोटार नसलेला, दिवे लावलेला, गुळगुळीत मार्ग हवा. गावाकडचं उत्तर ठरलेलं असतं: आम्हाला रानात जायला धड पाणंद नाही आणि तुम्हाला चरबी झडवायला रस्ता पाहिजे? एक बाजू युरोपातले फोटो दाखवते, दुसरी चिखलात रुतलेल्या ट्रॉलीचा. दोघांनाही आपला मुद्दा बिनतोड वाटतो. आणि दोघेही एक गोष्ट न बोलता धरून चालतात, की सायकलचा रस्ता म्हणजे कुठला तरी वेगळा, नवा, पैसे ओतून बांधायचा रस्ता. माझं भांडण या गृहीतकाशी आहे. मी स्वतः रविवारी हेल्मेट घालून पन्नास-साठ किलोमीटर हिंडणाऱ्यांपैकी, तरी मला ट्रॅक नको. नवा एक फूट रस्ताही नको. खोऱ्यात सायकलला लागतील तेवढे रस्ते कधीचे आहेत. त्यांवरचे दिवसातले दोन तास मोटारींकडून मागून घ्यावेत, एवढंच माझं म्हणणं. आणि ते तास माझ्यासारख्यांच्या सोयीचे नसावेत, शाळेच्या वेळेचे असावेत.

रस्ते आहेत म्हणजे कुठले? कराडच्या वरच्या अंगाला खोडशीला कृष्णेवर बंधारा आहे. तिथून निघणारा कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला. तो कराड तालुक्यातून पलूसच्या शिवाराकडं येतो. पुढं आरफळ, ताकारी, म्हैसाळ असे कालवे आले. ताकारी-म्हैसाळचं पाणी पंपानं उचलावं लागतं, पण एकदा वर चढवलं की तेही पुढं उतारानंच जातं. कालव्याचं गणित मी वर्गात पोरांना सांगतो: तळाला अगदी नावापुरता उतार द्यायचा, तो राखत जायचं, टेकाड आलं की वळसा घालायचा पण पातळी सोडायची नाही. अशा कालव्याला चिकटून खात्याचा देखभालीचा रस्ता असतो. आम्ही त्याला कॅनॉलचा रस्ता म्हणतो. म्हणजे कुणीतरी दुर्बिणीनं पातळ्या घेऊन मैलोन् मैल सपाट रेघ ओढून ठेवली आहे, आणि आपण सायकलसाठी सपाट रस्ता कुठं काढायचा यावर बैठका घेतोय. जिथं पाणी आपलं आपण चालतं, तिथं सायकलला चढ कुठला? शिवाय वस्त्यांना वस्त्या जोडणारे, जेमतेम एक गाडी जाईल असे डांबरी रस्ते आहेत, पाणंदी आहेत. नांद्रे, वसगडे, भिलवडी, अंकलखोप, आमणापूर या पट्ट्यात हिंडताना गिअर बदलावा लागतो तो पुलावर चढताना.

आता यावर सायकलवाले मित्र लगेच म्हणतात, मग झालंच की, जमीन सपाट आहे, हॉलंडसारखी. ट्रॅक केला की सायकली येतील. इथं ते इतिहास अर्धा वाचतात. हॉलंडची जमीन सपाट आहे हे खरं, पण ती १९५० साली होती तेवढीच सपाट १९७० साली होती. त्या वीस वर्षांत मोटारी आल्या आणि सायकली रस्त्यावरून हटत गेल्या. सपाटीनं त्यांना वाचवलं नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं ‘मुलांचे खून थांबवा’. पुढं १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोकांना रिकामे रस्ते कसे असतात ते परत एकदा दिसलं. तिथली आजची सायकल त्या रागातून आणि त्यानंतर घेतलेल्या निर्णयांतून आली आहे. ती मागणी करणारे लोक व्यायामासाठी किंवा देखाव्यासाठी रस्ता मागत नव्हते. त्यांना पोरं शाळेतून जिवंत घरी यायला हवी होती. आपण त्यांच्याकडून सायकलच्या रस्त्याचा लाल रंग उचलतो, मागणी उचलत नाही.

आमच्याकडं हे किती जवळचं आहे, ते ऊस चालू झाल्यावर कुठल्याही गावरस्त्याला अर्धा तास उभं राहिलं की कळतं. रस्त्याचं डांबर बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटर, कुठं तीनच. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीच्या फाळक्याबाहेर दोन्हीकडं हात-हात भर ऊस आलेला, वरून बांधलेल्या दोराखाली ढेपाळलेला. ड्रायव्हरला पहिल्या ट्रॉलीची मागची बाजू दिसत नाही, दुसरीचं तर सोडाच. आणि वळणावर ट्रॅक्टर जिथून जातो तिथून ट्रॉली जात नाही. ती आतल्या बाजूला ओढली जाते, दुसरी त्याहून आत. सायकलवरचं पोर शहाणपणानं वळणाच्या आतल्या कडेला थांबतं, ट्रॅक्टर सुखरूप पुढं गेलेला बघतं, निर्धास्त होतं, आणि मागची ट्रॉली त्याच्या अंगावर येते. दोन वर्षांमागं सातवीतल्या एका मुलीला मी माझ्या डोळ्यांनी असं साईडपट्टीवरून खाली जाताना पाहिलं. डांबराची कड वीतभर उंच. पुढचं चाक घसरलं आणि ती उसाच्या सरीत सायकलीसकट. लागलं काही नाही. चेन पडली होती, ती तिनं काडीनं परत चढवली, ओढणीला वंगण लागलं म्हणून रडली, आणि उशीर झाला म्हणून पुन्हा रडली. ट्रॅक्टर थांबला नव्हता. थांबला असता तरी त्या माणसाला का थांबलो हे सांगावं लागलं असतं, कारण त्याला काही दिसलंच नव्हतं. टेपचा आवाज उसाच्या वरून गावभर जात होता. पुढच्या जूनपासून ती मुलगी भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून येऊ लागली. भाऊ दहावीत.

समोरच्या बाजूचं म्हणणं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, आणि ते हलकं नाही. नदीपलीकडच्या एका गावात चहाला थांबलो होतो. कट्ट्यावरचे एक तात्या माझ्या सायकलीच्या चाकाकडं बराच वेळ बघत होते. म्हणाले, “सर, ही केवढ्याला?” मी आकडा थोडा कमी करून सांगितला. “आन रस्ता बंद करा म्हंतासा. मग आमचा ऊस काय सायकलीच्या क्यारेजवरनं कारखान्याला घालायचा का?” लोक हसले. मीही हसलो, पण तात्या हसत नव्हते. “तुमी रईवारी येतासा, फोटू काडतासा आन जातासा. आमाला रोजचं हाय. तोडीची पाळी आमच्या हातात न्हाई, टोळी आली की तोडायचं, भरलं की पाठवायचं. वाळलेल्या उसाचं वजन कोन देनार, तुमी?” यातला एक शब्दही खोटा नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतं. तोड कधी मिळणार हे शेतकरी ठरवत नाही. त्यात ज्यानं आधीच महामार्गांच्या भूसंपादनाच्या नोटिसा पाहिल्यात, शक्तिपीठ मार्गाविरुद्ध मोर्चे पाहिलेत, त्याला ‘रस्ता’ आणि ‘बंद’ हे दोन शब्द एका वाक्यात ऐकू आले की तो पुढचं ऐकत नाही. का ऐकावं?

पण रस्ता बंद करणं आणि आरपार जाणं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा वाद त्यांची गल्लत करून चालतो. ज्याचं रान त्या रस्त्यावर आहे त्याचा ट्रॅक्टर, बैलगाडी, खताची पोती, आजाऱ्याला नेणारी गाडी, यांना चोवीस तास मोकळीक पाहिजे. त्यावर बोट ठेवणारा माणूस शेतीत राहिलेला नाही. माझा आक्षेप दुसऱ्या वाहनांना आहे: ज्यांचं त्या गावात काही काम नाही, ज्यांना मोठ्या रस्त्यावरची वर्दळ किंवा खड्डे चुकवायचेत, म्हणून जी कॅनॉलवरून, वस्त्यांमधून, शाळेच्या दारावरून घुसतात. कॅनॉलचा रस्ता तर असल्या वाहतुकीसाठी बांधलेलाच नव्हता; भरावाला तडे जातात, कडा ढासळतात, आणि पाटाला भगदाड पडलं की नुकसान शेतकऱ्याचंच होतं. वजनाचं म्हणाल, तर तात्यांना मी तेव्हा सुचलं नाही ते आता विचारतो: कारखान्याच्या तळावर गाडी नंबरला किती तास उभी असते? वजनकाट्यावर पाळी येईपर्यंत ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोप काढून उठतो. तिथले कित्येक तास आपण मुकाट सोसतो, आणि शाळेच्या एका तासासाठी मोठ्या रस्त्यानं जावं लागलं तर मात्र ऊस वाळतो? ज्या घाईपायी पोरगी सरीत जाते, ती घाई काट्यावर जाऊन झोपते.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटतो, कारण तो बायका घेतात. रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, असं पुरुषांना वाटतं. दोन्हीकडं डोक्याच्या दीडपट ऊस उभा, चार किलोमीटरमध्ये घर नाही, अशा कॅनॉलवरून एकटी मुलगी कशी जाईल? मोटारी निदान माणसं तरी आणतात. आणि नुसती माणसांची भीती नाही. वाळवा, शिराळा, कराड या भागांत उसात बिबट्या पिल्लं घालतो, ऊस तोडताना बछडी सापडल्याच्या बातम्या आता कुणी निम्मं पान देऊन छापतही नाही. कॅनॉलला कठडा नसतो, पाणी खोल, काठ सिमेंटचे आणि शेवाळलेले; पडलेल्याला वर येता येत नाही. यावर ‘कॅमेरे लावू’ म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं संध्याकाळी जाऊन यावं. मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो आणि त्यातून दोन गोष्टी काढतो. एक, शांततेचे तास ठरलेले असले पाहिजेत. चोवीस तास मोकळा रस्ता चोवीस तास ओसाड असतो; एकच तास राखला तर त्या तासात आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांची पोरं एकाच वेळी रस्त्यावर असतात, आणि पंचवीस सायकलींच्या घोळक्याच्या वाटेला ना बिबट्या जातो ना टवाळ. दोन, रस्ता निवडताना सुंदर कुठला हे बघायचं नाही, वस्ती कुठं आहे हे बघायचं. कॅनॉलचा जो तुकडा घरांजवळून जातो तो घ्यायचा, जो रानातून जातो तो सोडायचा. नदीकाठचा ट्रॅक या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होतो.

तिसऱ्यांदा म्हणतात, सायकल आता चालवतो कोण? घरटी मोटारसायकल आहे. सायकल म्हणजे मागं जाणं. हे ऐकून मला किर्लोस्करवाडी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानानं झाली, नांगर आणि पंप नंतर आले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या माळावर वाडी उभी राहिली. तेव्हा सायकल ही पुढची, साहेबी वस्तू होती. इंग्लंडात तर चांगल्या रस्त्यांसाठी पहिली संघटित ओरड सायकलवाल्यांनी केली. तिथली रस्ते सुधारणा संस्था १८८६ मध्ये सायकल मंडळांनीच काढली, मोटार रस्त्यावर यायच्या आधी. आपल्याकडंही नगरपालिका सायकलवर कर घेत, त्याचा पितळी बिल्ला हॅण्डलखाली लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडत. हवा सोडण्यात मजा नव्हती, पण एक गोष्ट होती: सायकलवाला रस्त्याचा कर भरणारा, नियम लागू असलेला, रस्त्यावर मोजला जाणारा माणूस होता. आज त्याला कुणी दंडही करत नाही. तो हिशेबातच नाही.

आणि ‘चालवतो कोण’ याचं सरळ उत्तर कायद्यात आहे. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला आपल्याकडं कुठलीच मोटारगाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी बिनगिअरची पन्नास सीसीपर्यंतची, बाकीचं अठरानंतर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सरकार आईबापाला सांगतं, पोराला गाडी देऊ नका. ठीक. मग पाच किलोमीटरवरच्या हायस्कूलला त्यानं जायचं कसं? एसटी सकाळी एक, ती भरलेली. चालत सव्वा तास. सायकलनं पंचवीस मिनिटं, पण सायकलच्या वाटेवर डबल ट्रॉली. शेवटी दहावीतला भाऊ कायदा मोडून मोटारसायकल काढतो आणि मागं सातवीतली बहीण बसते. हा गुन्हा पालकाचा खराच. पण दुसरी प्रत्येक वाट आपण बंद केली हे कुणाच्या नावावर टाकायचं? बिहारनं २००६ मध्ये नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आणि परिणाम सगळ्यात जास्त दिसला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती शिक्षण बहुजनांच्या दारापर्यंत नेण्यासाठी. शाळा गावागावांत गेल्या. वाडीपासून शाळेपर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर मात्र आजही मुलीच्या वाट्याचे तिनंच निभवायचे आहेत.

नदीकाठच्या ट्रॅकबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याचं उत्तर नदीनंच देऊन ठेवलंय. २००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काठची मळीची, म्हणजे गाळाची, जमीन दर पावसाळ्यात थोडी ढासळते, थोडी नव्यानं साचते. वांगी पिकतात ती याच गाळावर. तिथं भराव घालून, पेव्हर ब्लॉक बसवून, दिव्याचे खांब रोवून आपण काय मिळवणार? पहिल्याच मोठ्या पुरात खांबांना पाण्यानं आणलेला कचरा लटकलेला दिसेल, आणि भरावानं पाणी अडून कुणाच्या तरी घरात फूटभर जास्त चढेल. सायकलमित्र डॅन्यूबकाठच्या मार्गाचं उदाहरण देतात, पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचं. उदाहरण छान आहे, फक्त ते माझ्या बाजूचं आहे. तो मार्ग बऱ्याच अंतरावर जुन्या ओढवाटेवरून जातो, जिच्यावरून घोडे दोर लावून नावा प्रवाहाविरुद्ध ओढत असत. नावांना इंजिनं आली, घोडे गेले, वाट राहिली. तिथल्या लोकांनी शहाणपण केलं ते एवढंच, की पाण्याच्या कामासाठी आधीच केलेली सपाट वाट सायकलला दिली. आपली ओढवाट म्हणजे कॅनॉलचा रस्ता.

बरं, तासाच्या हिशेबानं रस्ता राखणं हे फक्त परदेशी डोक्यातून आलेलं नाही. कोलंबियातलं बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन रस्ते मोटारींना बंद ठेवतं, आता शंभर किलोमीटरहून अधिक. पण इतक्या लांब जायची गरजच काय? दर आषाढीला ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. मुक्कामामुक्कामानं वाहतूक वळवली जाते, पर्यायी मार्गांचे आदेश निघतात, नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहतात. कधी कुठल्या कारखानदारानं म्हटलंय का, की वारीमुळं आमचा धंदा बसला? मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमात सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करायची तरतूद आहेच. प्रशासनाला हे करता येतं, दरवर्षी करतं. चालत जाणाऱ्यांसाठी लाखोंचा रस्ता दिवसच्या दिवस राखता येतो, तर चाळीस मुलींसाठी गावाचा रस्ता एक तास राखायला अडचण कसली? अडचण एवढीच दिसते, की वारकऱ्यांपुढं हात जोडणारे पुढारी खूप आहेत आणि सातवीतल्या मुलीला मत नाही.

मी माझ्या बाजूचं दुखणंही सांगितलं पाहिजे. आरपार जाणाऱ्या गाड्या अडवायला दोन दगडी खांब चार फुटांवर रोवले की ट्रॉली अडते, जीप अडते. मोटारसायकल अडत नाही. आणि मोटारसायकल अडेल एवढं अरुंद केलं, तर क्यारेजवर उसाच्या वाढ्याच्या पेंड्या बांधून येणारी आजीबाईची सायकलही अडते. शिवाय सकाळी सहा ते साडेसात हा दूध घालायचा वेळ: कॅनॉलवरून कॅन लावलेल्या गाड्या डेअरीला पळत असतात, आणि त्या थांबवणं म्हणजे घरखर्च थांबवणं. नेमका हाच तास आम्हा रविवारवाल्यांचा लाडका. म्हणून म्हटलं, आमचा तास मागू नका. साडेनऊ ते साडेदहा आणि साडेचार ते साडेपाच हे शाळेचे तास मागा. सकाळच्या दुधाची घाई तोवर संपलेली असते आणि संध्याकाळची बहुतेक सुरू व्हायची असते. त्या तासांत गावातली मोटारसायकल आली तर येऊ दे, सावकाश येऊ दे. वेग निम्मा झाला की धडकेची ताकद चौथाई होते, हे नववीच्या पुस्तकात आहे. मारतं ते वजन आणि वेग. मोटारीचा प्रत्येक थेंब रस्त्यावरून पुसायचा हट्ट धरला तर आपण ट्रॅकवाल्यांच्याच पंगतीला जाऊन बसू. आणि हो, या हिशेबानं मला स्वतःला काहीच मिळत नाही. शाळेच्या तासाला मी वर्गात असतो. रविवारी पहाटे मला दूधवाल्यांच्या धुरातूनच जावं लागणार, त्यात विशेष असं काही नाही.

सगळ्या जिल्ह्याचा आराखडा, समित्या, बोधचिन्ह, असलं काही करायला नको. एक हायस्कूल धरा, त्याला जोडणाऱ्या तीन वस्त्या धरा, त्यांच्या मधला पाच-सहा किलोमीटरचा एकच रस्ता धरा. ग्रामसभेत ठराव करा, पाटबंधारे खात्याचं ना-हरकत घ्या, वळणावरचा ऊस हातभर मागं लावायची दोन शेतकऱ्यांना विनंती करा म्हणजे समोरचं दिसेल, साईडपट्टी मुरमानं डांबराच्या पातळीला आणा. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत गावं रस्ते सुचवतच असतात. त्यात हा एक बसवा. एक गळीत हंगाम बघा. ऊस खरंच वाळला, वजन खरंच घटलं, तर खांब उपटून टाका, मी स्वतः पहार घेऊन येतो.

हेच मी मागच्या आठवड्यात परत त्या कट्ट्यावर जाऊन तात्यांना सांगितलं. त्यांनी वळणावरच्या उसाचं बारकाईनं विचारलं: किती सऱ्या सोडायच्या, कुणाच्या रानातल्या, त्याची भरपाई कोण देणार. त्यांची नात त्याच रस्त्यानं जाते, हे मला तेव्हा कळलं. मग बराच वेळ गप्प बसले. “आमच्याच वळनावर हाय की ते,” म्हणाले. “दोन सऱ्या जातील. बघू. आदी कारखान्याची मोळी तर पडू दे.”